कोहबराची मालकीण कोण?

लोककला म्हटली की आपल्याकडच्या जाणत्यांच्या तोंडी तीन विशेषणे ठरलेली असतात: अनाम, सामूहिक, पुरातन. आई काढते, लेक गिरवते, नात तेच पुढे नेते. त्यात कुणाचा ‘मी’ नसतो. मग त्याच रेषेत एखादी बाई अमेरिकेतला रोलर कोस्टर काढते, कुणी गर्भलिंगनिदानावर चित्र करते, आणि लगेच दोन निकाल लागतात. एक पक्ष म्हणतो, बाजाराने परंपरा बाटवली. दुसरा टाळ्या पिटून सांगतो की बाईने परंपरेची चौकट मोडली. हे दोघे भांडतात मोठ्या त्वेषाने, पण गृहीत दोघांचे एकच आहे. परंपरा जागची हलत नाही आणि तिच्यात फेरफार करणारी बाई तिच्याबाहेर उभी असते, असे दोघेही धरून चालतात. ते गृहीतच मला मान्य नाही. बिहारमधल्या मिथिलेची चित्रे, म्हणजे आपण ज्यांना मधुबनी म्हणतो ती, समोर ठेवून पाहिले तर ते टिकत नाही.

पूर्वपक्षाला त्याचे पूर्ण बळ देऊन मांडायला हवे, कारण तो अगदीच पोकळ नाही. 1934च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. पडक्या घरांची पाहणी करताना विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या खोल्यांतल्या भिंती दिसल्या. त्याने त्यांची छायाचित्रे घेतली आणि 1949 साली ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात लेख लिहून ही कला जगापुढे आणली. पुढे 1966-67च्या दुष्काळात, हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराला मधुबनीला धाडले. बायकांच्या हाती चार पैसे यावेत म्हणून कुलकर्णींनी कागद वाटले. तोवर जी चित्रे लग्नासाठी भिंतीवर निघत आणि पुढच्या सारवणात पुसली जात, ती आता विकाऊ झाली. खाली सही आली, पाठोपाठ पुरस्कार आले. विधीचा गाभा गेला आणि उरले ते शोभेचे चित्र, असा हा युक्तिवाद आहे.

पण त्या भिंतीवर आधी काय चालत होते, हे हा पक्ष विचारतच नाही. नवदांपत्याच्या खोलीला कोहबर घर म्हणतात. तिथल्या भिंतीवर पुरइन म्हणजे कमळवेल, बांबू, मासे, कासव, पोपट, सूर्य-चंद्र आणि कोपऱ्यांत नजर राखणारी नैना जोगिन असते. जिचा हात बसलेला, ती रेषा आखते आणि बाकीच्या रंग भरतात. म्हणजे हात कुणाचा चांगला, हे गावाला ठाऊक होते. ‘अनाम’ हे विशेषण बाहेरून आलेल्या पाहुण्याने लावलेले आहे. आर्चरच्या बहुतेक छायाचित्रांसोबत गावाची आणि जातीची नोंद आहे, बाईचे नाव नाही. घरात तिला नाव होते, ते वहीत उतरले नाही एवढेच. कागदाचेही तसेच. कोहबराचे नमुने कागदावर उतरवून जपण्याची आणि तशा कागदात सिंदूर बांधून धाडण्याची चाल तिथे दुष्काळाच्या आधीपासून होती. आणि जे चित्र दर लग्नाला पुसून आठवणीतून पुन्हा काढायचे, ते तंतोतंत तेच राहील असे मानायला छापखान्याचा संस्कार झालेले डोकेच लागते.

कथांची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. मिथिलेत नव्या नवऱ्या श्रावणात मधुश्रावणीचे व्रत करतात. त्यात विषहरीच्या, नागांच्या आणि गौरीच्या कहाण्या रोज ऐकायच्या असतात. सांगायला भटजी लागत नाही, घरातली किंवा शेजारची जाणती बाईच सांगते. जिच्या तोंडी कहाणी, तिचा कल कहाणीत उतरतो. आपल्याकडे श्रावणातल्या कहाण्या सांगणाऱ्या आज्यांनीही तेच केले. मिथिलेच्या चित्रकार बउआ देवींचे नाग-नागिणी आणि नागकन्या या श्रवणातून आलेल्या आहेत. 1989 साली पॅरिसच्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचे काम होते. तिथे काही समीक्षकांना त्यात आधुनिकता दिसली असेल, दिसू दे बापडी. पण मोठमोठे नाग कागदभर वळवत नेण्याचे धारिष्ट्य पॅरिसने दिलेले नाही.

आता गंगादेवी (1928-1991). कायस्थ घरातल्या, कचनी म्हणजे बारीक रेघांच्या शैलीतल्या. संसाराने त्यांना फारसे काही दिले नाही. नवऱ्याने दुसरी बायको आणली. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण या दुःखापाशी येऊन थांबतात आणि चित्रे म्हणजे त्याच दुःखाचे विसर्जन असे सुचवतात. मला हा लेखनप्रकार आळशी वाटतो. कोणत्या पुरुष चित्रकाराच्या रेषेचे मूळ आपण त्याच्या संसारात शोधतो? गंगादेवींनी रामायणाची मालिका काढली. एका प्रसंगाशेजारी दुसरा प्रसंग, तीच माणसे पुन्हा पुन्हा, अशी सलग कथा सांगण्याची रीत त्यांनी त्या मालिकेत पक्की केली. नंतर ‘मानव जीवन’ या मालिकेत तीच रीत त्यांनी बाईच्या आयुष्याला लावली. गर्भारपण, जन्म, त्यानंतरचे संस्कार, असे टप्पे ओळीने येतात. देवाच्या चरित्राची जागा बाईच्या चरित्राने घेतली, पण चरित्र सांगण्याचे व्याकरण मोडले नाही. 1985 साली भारत महोत्सवाच्या निमित्ताने त्या अमेरिकेला गेल्या. परत आल्यावर रोलर कोस्टर आणि वॉशिंग्टनचे स्मारक काढताना त्यांनी यथादर्शनाची उसनवारी केली नाही. पुरइनच्या वेलीला वळण देणारा हातच रुळांनाही वळण देतो. पुढे कर्करोग झाला आणि दिल्लीत उपचार सुरू झाले, तेव्हा रुग्णालयही त्याच रेषेत आले. कोहबराच्या भिंतीवर ज्या हाताने नवरीच्या आयुष्यातला मोठा प्रसंग नोंदला, त्याने स्वतःच्या आयुष्यातला शेवटचा मोठा प्रसंग नोंदला, तर त्यात बाटण्याजोगे काय आहे?

इथे दुसऱ्या पक्षाचाही समाचार घ्यायला हवा. ‘चौकट मोडली’ म्हणणाऱ्यांना वाटते की परंपरेत बाई मुकी होती आणि कागदाने तिला वाचा दिली. ताराबाई भवाळकरांनी ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’मध्ये मराठी बायकांच्या मौखिक परंपरेविषयी जे दाखवून दिले, ते यांच्या कानी पडलेले दिसत नाही. जात्यावर सीतेची बाजू घेणाऱ्या बायका कुठल्या चळवळीच्या सभासद नव्हत्या. मिथिलेतही असेच आहे. तिथल्या चित्रकार शालिनी कुमारी तापलेल्या पृथ्वीला रडणाऱ्या आईच्या रूपात आणून सूर्याला विनवायला लावतात. विषय आजचा आहे, पण पृथ्वीला आई मानून सूर्याशी बोलते करणे व्रतवैकल्ये करणाऱ्या कुठल्याही बाईला परके नाही. ज्येष्ठ चित्रकार महासुंदरी देवींची नात पुष्पा कुमारी स्त्रीभ्रूणहत्येवर चित्र काढतात, ते आजीकडून आलेल्या रेषेनेच.

खरे खिंडार पडले ते वेगळ्याच ठिकाणी आणि त्याची चर्चा फार कमी होते. दुसाध आणि चमार या दलित जातींतल्या बायकांना ब्राह्मण-कायस्थ घरांतली कोहबराची मिरास नव्हती. सत्तरच्या दशकात त्या चित्रे काढू लागल्या, तेव्हा त्यांनी राम-सीतेची नक्कल करण्यावर समाधान मानले नाही. चानो देवी आणि इतरांनी अंगावरच्या गोंदणातून आकृत्या घेतल्या आणि कथा घेतली आपल्या राजा सलहेसची. ही दुसाधांची गाथा भगत आणि गायक पुरुष गात आले होते. हत्तीवरचा सलहेस आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या माळिणी बायकांच्या हातून कागदावर आल्या. जमुना देवींनी कागदाला शेणाचा हात दिला, तो आज अनेकांच्या चित्रांत दिसतो. ही शैली ‘शुद्ध’ परंपरेच्या व्याख्येत बसवायची कशी? आधी नव्हती म्हणून ती खोटी ठरवायची, तर दुसाध बाईला वारसाच नव्हता असे म्हणावे लागेल. वारसा होता. भिंत मात्र दुसऱ्याची होती.

याहून अवघड दाखला चित्रकार मालविका राज यांचा. त्यांनी मधुबनीच्या शैलीत बुद्धाचे आणि बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आणले, देव-देवता बाजूला ठेवल्या. इथे माझाही युक्तिवाद ताणला जातो, कारण हा फेरफार आतल्या कहाणीतून उगवलेला नाही. तो जाणूनबुजून केलेला नकार आहे. तरीही नकार द्यायला त्यांनी तीच रेषा निवडली. महाराष्ट्रात भीमगीते रचणाऱ्यांनी जुन्या चाली टाकून दिल्या नव्हत्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात कोडे वाटणार नाही.

बाजाराबद्दलची तक्रार मात्र मला मान्य आहे, फक्त ती उलट्या दिशेने केली जाते. मधुबनीची साडी, मधुबनीचा ट्रे, मधुबनीची फाइल या साऱ्यांवर तेच मासे आणि तीच राम-सीता असतात. ही एकसुरी पैदास गिऱ्हाइकाला ‘अस्सल जुने’ हवे असते म्हणून होते. रोलर कोस्टर काढणाऱ्या बाईने परंपरेचे जितके नुकसान केले नसेल, तितके अस्सलपणाच्या हट्टाने केले आहे. आपल्या डहाणू-तलासरीकडे पाहा. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. भास्कर कुलकर्णी तिथेही पोचले आणि जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर झाले, त्यांच्या गुणांमुळेच झाले. पण वारली चित्रकार म्हणून आज आपल्याला पाच नावे विचारली, तर त्यांत सवाशिणींची किती असतील? मिथिलेच्या बायकांनी सही आपल्या हाती ठेवली. वारली लग्नचौकाच्या बायकांना ती मिळालीच नाही. दोन्हीकडे कागद एकच, माणूसही एकच, परिणाम वेगळा.

गंगादेवींनी आजारपणात दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक कोहबर घर चितारले होते. 2015मध्ये नूतनीकरणाच्या कामात ते गेले. त्यावर कलाजगतात बरीच हळहळ झाली. लोककला खरोखरच अनाम आणि सामूहिक असेल, तर हळहळीचे कारण काय? मधुबनीहून दुसरी बाई बोलवा, ती पुन्हा काढेल, कोहबर घर दर लग्नाला पुसतच तर असते. असे उघड म्हणायला कुणी धजावले नाही. अनामतेचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी निदान या एका भिंतीचा हिशेब द्यावा.