धावणं वेगळं, झेलणं वेगळं

मी शब्दांचा माणूस. खेळाशी माझं नातं टीव्हीपुरतं. तरीही आज अमेरिकेतल्या फुटबॉलविषयी बोलणार आहे. पायाने खेळायचा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून धावायचा त्यांचा फुटबॉल. माझा भाचा काही वर्षं शिकागोत होता. "मामू, हे बघाच," म्हणत त्याने एका धावेची चित्रफीत दाखवली आणि माझ्या डोक्यात एक प्रश्न ठाण मांडून बसला.

तो सामना ४ फेब्रुवारी २००७ चा. मायामीजवळ, भर पावसात अंतिम सामना, म्हणजे 'सुपर बोल' सुरू झाला. पहिलीच किक शिकागो बेअर्सच्या डेव्हिन हेस्टरने झेलली आणि समोरच्या अकरा जणांना चुकवत ९२ यार्ड धावून तो थेट सीमेपार गेला. सामना पुढे इंडियानापोलिसने २९-१७ असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिली ती धाव.

हेस्टरचा तो पहिलाच हंगाम. पहिल्या दोन वर्षांच्या साखळी सामन्यांत त्याने अशा परतीच्या धावांवर बारा टचडाउन केले. साहजिकच संघाला वाटलं, किक परतवायची संधी सामन्यात मोजून काही वेळा येते. एवढा वेग वाया का घालवायचा? बचावपटू म्हणून घेतलेल्या या माणसाला २००७ मध्ये आक्रमणात आणून रिसीव्हर केलं.

वरवर पाहता हिशेब बरोबर होता. पण ही दोन कामं वेगळी आहेत. किक परतवणाऱ्याला वाट ठरवून दिलेली असली तरी ती क्षणात मोडते. मग फट दिसेल तिकडे घुसायचं. रिसीव्हरला मात्र ठरलेल्या पावलावर वळावं लागतं, कारण तो वळण्याआधीच चेंडू सुटलेला असतो. तिथे नुसता वेग नव्हे, वेळ सांभाळावी लागते. मुशायऱ्यात उत्स्फूर्त शेर सुचणं आणि बांधलेल्या वृत्तात अख्खा संग्रह लिहिणं, यात जेवढा फरक, तेवढाच हा.

हेस्टर नापास झाला असं नाही. २००८ मध्ये त्याने ५१ झेल घेतले, २००९ मध्ये ५७ झेल आणि ७५७ यार्ड. पण याच दोन हंगामांत किक परतवून त्याचा एकही टचडाउन झाला नाही! प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याच्यापासून दूर किक मारत, हेही खरं. तरी झेलांचं ओझं कमी झालं तेव्हा, २०१० आणि २०११ मध्ये, त्याने पुन्हा तीन-तीन टचडाउन केले.

मग परतवणारा रिसीव्हर होऊच शकत नाही का? होतो की! टिम ब्राऊन १९८८ मध्ये रेडर्सकडे आला आणि पहिल्याच वर्षी किक परतवण्यात अव्वल ठरला. पुढे त्याने १,०९४ झेल घेतले. कॅरोलिनाच्या स्टीव्ह स्मिथने २००१ मध्ये आपल्या पहिल्या सामन्यातली पहिलीच किक ९३ यार्ड परतवली. २००५ मध्ये तो १०३ झेल आणि १,५६३ यार्डांसह झेलणाऱ्यांत आघाडीवर होता. पण हे दोघे कॉलेजपासूनच रिसीव्हर होते. परतीची धाव त्यांच्यासाठी उंबरठा होती. हेस्टरचं मात्र ते घरच होतं.

अखेर साखळी सामन्यांत परतीचे विक्रमी वीस टचडाउन हेस्टरच्या नावावर राहिले. २०२४ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. प्रामुख्याने किक परतवणारा म्हणून तिथे पोचलेला तो पहिला खेळाडू. त्याचे २५५ झेल कुणी फारसे आठवत नाही.

एखाद्याला एक गोष्ट अप्रतिम येते, तेव्हा आपण लगेच विचारतो, "आणखी काय येतं?" घरात मुलांनाही हेच विचारतो. कधी कधी त्या एकाच गोष्टीला मनापासून दाद द्यावी, एवढंच मला या खेळाने शिकवलं.