कांदिवलीच्या खाणीतले मणी

दिवाळीचा किल्ला ही मराठी मुलांची पहिली सृष्टिरचना होय. चार धोंडे, पोत्याचा एक तुकडा, वर थापलेली लाल माती आणि त्या मातीत पेरलेले हळीव, एवढ्या भांडवलावर अंगणात एक राज्य उभे राहते. त्या राज्याचे कायदे मुलेच ठरवितात. या विहिरीला बारमाही पाणी आहे. या बुरुजावरून शत्रू दिसतो. या भुयारातून फक्त राजालाच जाता येते. एखाद्या काकांचा पाय चुकून त्या भुयारावर पडला म्हणजे जो आकांत होतो तो ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे राज्य किती खरे असते हे सांगावयास नको.

आता अंगणे फारशी उरली नाहीत. आमच्या कांदिवलीत किल्ला मांडावयाचा तो इमारतीच्या जिन्याखाली, नाही तर गाड्या उभ्या करण्याच्या जागेत. पण सृष्टी रचण्याची हौस जागेवर थोडीच अवलंबून असते! १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ काढला. त्यात एकाने सूत्रधार होऊन एक अद्भुत जग सांगावयाचे आणि बाकीच्यांनी त्या जगातील पात्रे होऊन बोलावयाचे, फासे टाकावयाचे आणि पुढे जावयाचे. सोंगट्यांच्या डावाचे कोकणातल्या दशावताराशी लग्न लावून दिले तर जे अपत्य होईल, ते हे, असे समजावे.

आमच्या शाळेतील काही मुले रविवारी हा खेळ खेळतात. त्यांना आपल्या जगासाठी जादूचे स्फटिक हवे होते. मी कादंबऱ्या लिहितो हे त्यांना ठाऊक, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मुलांनी स्वतः एक यादी केलेलीच होती. एक स्फटिक आग ओकणारा, दुसरा माणसाला अदृश्य करणारा, तिसरा मेलेल्याला उठविणारा.

“मग अडलंय कुठं?” मी विचारले.

“सर, दोन रविवारांत सगळे राक्षस संपले. आता मजाच येत नाही.”

हे उत्तर मला मोठे मार्मिक वाटले. आपल्या पूर्वजांनी मण्यांच्या कथा शेकडो वर्षे रचल्या आणि त्या अजून शिळ्या झालेल्या नाहीत. मग त्यांना असे काय साधले होते, जे या यादीत नव्हते?

पहिली गोष्ट ही की, जुन्या कथांतील मणी आकाशातून उगाच पडत नाही. त्याला जन्मकथा असते. गरुडपुराणात बल नावाच्या असुराची कथा आहे. त्याने इंद्राला जिंकले. देवांना तो लढून आवरेना, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे यज्ञपशू होण्याचे दान मागितले आणि त्या असुराने दिलेला शब्द पाळला. त्याच्या देहाची रत्ने झाली. अस्थींचे हिरे झाले, दातांची मोती, रक्ताची माणके, पित्ताचे पाचू आणि डोळ्यांचे नीलमणी. केवढी विलक्षण कल्पना! ज्या हिऱ्याच्या कुडीची आपण शोभा मानतो, ते एका वचनाला जागलेल्या शत्रूचे हाड आहे. एवढे कळल्यावर तो हिरा नुसता खडा राहत नाही.

दुसरी गोष्ट, मण्याला किंमत असते, आणि ती सराफाने सांगितलेली नव्हे. गणेशचतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणून ज्या स्यमंतक मण्याची कथा घरोघर सांगतात, तीच पाहा. सूर्याने सत्राजिताला दिलेला हा मणी रोज आठ भार सोने देई. पण तो शुचिर्भूतपणे बाळगला नाही तर बाळगणाराच मरे. सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला गेला आणि सिंहाच्या तोंडी पडला. सिंहाला जांबवंताने मारले आणि मणी आपल्या मुलाला खेळावयास दिला. इकडे द्वारकेत चोरीचा आळ आला तो प्रत्यक्ष श्रीकृष्णावर! सोने देणाऱ्या मण्याने आधी संशय दिला. मनुष्यस्वभावाची ही केवढी पारख!

तिसरी गोष्ट सर्वांत मराठी आहे. मणी टाकून देण्यातही पराक्रम असतो, असे आमच्या मुलुखाने सांगितले. पुण्याजवळ थेऊरची कथा अशी की, कपिल मुनींचा चिंतामणी गणासुराने बळकावला. गणेशाने तो सोडवून आणला. पण मुनींनी तो परत घेतला नाही, गणेशाच्याच गळ्यात बांधला. पंढरपूरची कथा याहून गोड आहे. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ती येते. परिसा भागवताकडे लोखंडाचे सोने करणारा परीस होता. त्याच्या बायकोने तो नामदेवांच्या राजाईला दाखविला. घरात दारिद्र्य, आणि हाती परीस! नामदेवांनी तो चंद्रभागेत भिरकावला. परिसा भागवत संतापून आला, तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून पुढे केले. ते सगळेच परीस निघाले. आता ज्याला ओंजळभर परीस मिळाले, त्याला त्यांतला एक तरी हवासा वाटेल काय? परिसालाही वाटला नाही.

जन्म, किंमत आणि त्याग हे तीन धागे तुटले म्हणजे काय होते, हे आमच्या कादंबरीनेही पाहिले आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. तिच्यामागून ‘रत्नप्रभा’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची माळच लागली. नावे पाहिली तरी जवाहिऱ्याच्या दुकानात शिरल्यासारखे वाटते. त्यांनी मराठी माणसाला गोष्ट वाचण्याची गोडी लावली, हे ऋण मोठे आहे. पण संकट येताच योगायोग धावून येई आणि नायकाचे काहीच खर्ची पडत नसे. १८८५ साली हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ येऊ लागली, तेव्हा वाचकाला घरातले खरे दुःख भेटले. माझ्या विद्यार्थ्यांना दोन रविवारांत जे कळले, ते कळावयास कादंबरीला काही वर्षे लागली, इतकेच.

असो. मुलांना मी म्हटले, “मणी परदेशी पुस्तकांतून कशाला आणता? आपण मण्यांच्या खाणीवरच राहतो.”

ही थट्टा नव्हती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, मागे पोकळ्या राहिल्या, आणि त्यांत झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने हळूहळू स्फटिक वाढविले. कांदिवली-मालाडच्या खाणींचे नमुने जगातील खनिजसंग्राहकांना परिचित आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपल्या काळ्या पाषाणाच्या पोटातले हे ऐश्वर्य कोणासही पाहावयास मिळते.

आणि या स्फटिकांचे गुण ऐकाल तर पुराणिकही थक्क होईल. लोमोंटाइट नावाचा पांढरा स्फटिक खडकाच्या ओलीत शाबूत असतो. कोरड्या हवेत आणला की अंगचे पाणी गमावतो आणि त्याचा भुगा होतो. प्रेह्नाइट फिकट हिरवा, द्राक्षांच्या घोसासारखा. कधी कधी तो लोमोंटाइटच्या कांड्यांवर साल धरतो. मग आतला स्फटिक विरघळून जातो आणि मागे राहतात ती हिरवी, पोकळ बोटे. स्टिलबाइट तापविला तर फसफसतो. असल्याच दगडांना १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश विद्वानाने ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, असे नाव दिले. आणि साधी गारगोटी? दोन पांढऱ्या गारा अंधारात एकमेकींवर घासा, आत उजेड चमकतो. एकटी गार मात्र काळोखातच राहते.

मुलांनी एवढ्यावरून आपले मणी घडविले. ‘तहानेला मणी’ जखम भरून काढतो, पण त्याला रोज स्वतःच्या वाट्याचे पाणी पाजावे लागते. ‘पोकळ बोटां’तून गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो, पण एकदाच, तेव्हा कोणाला हाक मारावी हे आधी ठरविले पाहिजे. ‘जोडगार’ उजेड देते, पण दोघे भांडलेले असतील तर देत नाही. पुढच्या रविवारी म्हणे कोणी राक्षस मारलाच नाही. सबंध दुपार, आपल्यातले पाणी मण्याला द्यावे की आजारी सोबत्याला, यावर वाद चालला. खेळ आता जिवंत झाला, असे मी समजलो.

या भूमीतल्या दगडावर माणसाची नजर पडली ती काही आजची नव्हे. के. आर. यू. टॉड या आरमारी अधिकाऱ्याने कांदिवली परिसरात अश्मयुगीन हत्यारे शोधली आणि १९३९ साली त्यांवर निबंध लिहिला. ज्या कोणा आदिमानवाने इथला दगड उचलून त्याला धार काढली, त्याच्या दृष्टीने ती जादूच होती.

पण आम्ही त्या डोंगराचे काय केले? १९२० नंतर गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबे बुजविण्याची प्रचंड योजना सुरू झाली. खर्च फुगला, नरिमन यांनी कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली, आणि ठरविलेल्या जमिनीपैकी निम्म्याहून कमीच त्या वेळी हाती आली. त्या कामासाठी दगड आणि मुरूम गेला तो कांदिवलीच्या खाणीतून, आगगाडीने. किती हिरवे घोस आणि पांढऱ्या कांड्या सुरुंगात फुटून त्या वाघिणींतून गेल्या असतील, त्याची मोजदाद कोण ठेवणार!

मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी दिवे लागले की लोक त्याला राणीचा हार म्हणतात. दिवाळीत पाहुण्यांना घेऊन तो हार पाहावयास आपण जातोच. यंदा गेलात तर मुलांना एवढे जरूर सांगा, की हाराचे मणी वर लुकलुकताना दिसतात, पण ते ज्या धाग्यात ओवले आहेत तो कांदिवलीच्या डोंगराचा आहे.