रेस अडकली तेव्हा

माझ्या फियाटची रेस पहिल्यांदा अडकली ती शीवच्या सिग्नलला. पाय काढला तरी इंजिन किंचाळतच होतं. क्लच दाबला, किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि मागच्या टॅक्सीवाल्याच्या शिव्या खात ढकलत कडेला घेतली. गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. माझ्या हाती आली तेव्हा तिचं उत्पादन कधीच थांबलं होतं. तिची नाडी कळणारा माणूस शोधायला मी कुर्ल्याला गेलो.

कुर्लाच का? वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथला. आधी डॉज आणि प्लायमाउथ तिथे जुळवल्या जात. पन्नाशीच्या दशकात इटलीची फियाट 1100 आली. तिच्या सुरुवातीच्या अवताराला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. 1964 ची डिलाइट, मग सत्तरच्या दशकात पद्मिनी. नावं बदलली, पण 1089 सीसीचं इंजिन, त्यावरचा सोलेक्स कार्बोरेटर आणि स्टिअरिंगखालचा हँडगिअर बहुतेक काळ तेच राहिले. एकच गाडी तीन-चार दशकं चालली की तिच्याभोवती एक गावच वसतं: लेथवाले, डेंटिंगवाले, भंगारातून नेमका हवा तो भाग काढून देणारे.

मला भेटलेले उस्ताद त्या गावचे. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, “साहेब, आधी चटई बघू.” रबरी चटई सरकून एक्सलेटरच्या पेडलवर चढते आणि माणूस कार्बोरेटर खोलून बसतो, हे त्यांनी टॅक्सीलाइनमध्ये शंभरदा पाहिलेलं. चटई ठीक होती. मग इंजिन बंद ठेवून त्यांनी मला पेडल दाबायला लावलं आणि स्वतः वर कान लावला. पद्मिनीत पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत सळ्या आणि सांधे असतात. इंजिनाची मौंटिंगं बसली की इंजिन खाली येतं आणि सळीचा कोन बिघडतो. त्यांनी शेवटची सळी सोडवली आणि कार्बोरेटरची दांडी नुसत्या बोटाने फिरवली. दांडी सटकन मागे आली असती तर दोष सळ्यांत. ती आली अर्ध्यावर, आणि थांबली.

“वरच आहे,” उस्ताद म्हणाले. स्प्रिंग ताणून बघितली, ती चांगली होती. स्प्रिंग बदलणं हा आळशी मिस्त्रीचा इलाज, असं त्यांचं ठाम मत. दमदार स्प्रिंग लावली की दोष झाकतो, पेडल जड होतं आणि एक दिवस घाटात सगळं उघडं पडतं.

टॅक्स्या गॅसवर गेल्यावर हे दुखणं वाढलं, असं ते सांगत. पूर्वी पेट्रोल येता-जाता दांडीवरचा बटरफ्लाय, म्हणजे हवा अडवणारी गोल चकती, धुऊन निघायचा. गॅस कोरडा, त्यामुळे इंजिनातून येणारी तेलकट वाफ तिथेच चिकटते. त्याआधीच्या काळात रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचा डिंक. म्हणजे दांडी कशाने अडकली यावरून गाडीने कुठला जमाना बघितला तेही कळायचं. मला हे ऐकायला फार आवडलं, पण माझी गाडी कधीच गॅसवर नव्हती, आणि कार्बोरेटर तर मी महिन्यापूर्वीच उतरवून स्वच्छ केला होता. ते सांगितल्यावर उस्तादांनी पान्हा हातात घेतला आणि माझ्याकडे बघून हसले.

कार्बोरेटर मॅनिफोल्डवर दोन नटांनी बसतो. मी दोन्ही जीव खाऊन आवळले होते. सोलेक्सचा सांगाडा मऊ धातूचा. जास्त आवळला की त्याचा पायाच वाकतो, आतलं भोक अंडाकृती होतं आणि बटरफ्लाय कडेला चावतो. थंड गाडीत चालून जातं, तापल्यावर अडकतं. शीवपर्यंत इंजिन चांगलंच तापलेलं होतं. उस्तादांनी नट ढिले केले, दांडी सटकन मागे आली. मग पाया काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट केला, नवी पॅकिंग टाकली, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले.

उस्तादांचं काम मुख्यतः टॅक्स्यांचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर 2023 संपता संपता या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. त्यानंतर कुर्ल्याला गेलो तेव्हा उस्तादांच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. शेजारच्या लेथवाल्याकडे त्यांनी माझ्यासाठी एक डबा ठेवलेला: दोन स्पिंडल, चार पॅकिंगा आणि आखूड दांड्याचा एक पान्हा. आखूड दांड्यावर जोर लागत नाही.