दुधाच्या पातेल्यातले तांबे

'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' या बालयकृतविकाराची नोंद १८८७ मध्ये कलकत्त्यात झाली. एक ते तीन वर्षांच्या मुलाचे पोट फुगे, यकृत कठीण होई, कावीळ चढे आणि बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. पुढे १९७९ मध्ये पुण्यातील डॉ. आनंद पंडित यांचा सहभाग असलेल्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने या मुलांच्या यकृतात तांबे अनेक पटींनी साठल्याचे दाखवले.

हे तांबे घरातल्या पितळी पातेल्यातून येत होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यातले अन्न बिघडू नये म्हणून कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून आतून कथिलाचा पातळ थर देई. थर झिजला की ताक किंवा आमटी 'कळकते', हे प्रत्येक घरात ठाऊक होते. मराठीत त्यासाठी स्वतंत्र क्रियापदच आहे. मात्र ते आंबट पदार्थांसाठी. दूध सहसा कळकल्याचे कळत नाही, कारण त्यातले केसीन हे प्रथिन तांबे मुकाट्याने धरून ठेवते. बाळ जन्मतःच यकृतात तांब्याचा साठा घेऊन येते आणि पित्तावाटे तांबे बाहेर टाकण्याची त्याची क्षमता कच्ची असते. वरचे दूध लवकर सुरू झाले की भर पडत जाई.

डॉ. शीला भावे, पंडित आणि टॅनर यांनी १९८७ मध्ये आजारी मुलांच्या आहाराची तुलना निरोगी मुलांशी केली, तेव्हा लवकर दिलेले वरचे दूध आणि पितळी भांडे हीच जोडी पुढे आली. ऑस्ट्रियातील टायरॉल भागातही १९०० ते १९७४ दरम्यान १३८ बालके अशाच विकाराने गेली होती. पितळ वापरणाऱ्या घरांतील सगळीच मुले आजारी पडत नसत, म्हणून आनुवंशिक कलही मानला जातो. स्टीलची भांडी रुळली आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला.

तरीही तांबे बाळाला हवेच. नुसत्या गाईच्या दुधावर वाढवलेल्या कुपोषित बालकांत त्याच्या अभावी रक्तक्षय आणि पांढऱ्या पेशींची घट पेरूमध्ये १९६४ मध्ये नोंदली गेली. त्यामुळे बाळदुधाच्या पावडरीत ते मोजून घालतात: 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार १०० किलोकॅलरीमागे किमान ३५ मायक्रोग्रॅम, तर १२० ही मार्गदर्शक वरची मर्यादा. पावडर ज्या पाण्यात कालवतात, त्यातले तांबे डब्यावर लिहिलेले नसते.