दोन प्रकारचा अविश्वास

सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांमधून, यावर आपल्या राज्याने पाच वर्षांत तीनदा निर्णय फिरवला. २०१७ साली थेट निवड आली, २०२० साली ती गेली, २०२२ साली पुन्हा आली. चाकूर तालुक्यात कुठल्याही पारावर हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘अमेरिकेत बघा, अध्यक्ष थेट लोक निवडतात, म्हणून तिथं एका हुकमावर कामं होतात.’ आज आपण या एका वाक्याच्या मुळाशी जाऊ.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी राज्यघटना करायला जमले. त्यांनी इंग्लंडच्या राजाशी लढून स्वातंत्र्य मिळवलं होतं, त्यामुळे एका माणसाच्या हाती सत्ता देण्याची त्यांना धास्ती होती. पण आदल्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं होतं, त्यामुळे गर्दीचीही तेवढीच धास्ती होती. शासन लोकांच्या संमतीवर उभं असतं, हे त्यांनी लॉककडून घेतलं. सत्तेचे तीन भाग वेगळे ठेवावेत, हे माँतेस्क्यूच्या १७४८ च्या ग्रंथातून घेतलं. गंमत बघा, माँतेस्क्यूने हे इंग्लंडकडे पाहून लिहिलं, आणि इंग्लंड तर तेव्हा मंत्रिमंडळ संसदेतूनच काढण्याच्या वाटेवर होतं. तत्त्वज्ञाने शेजारच्या घराचा नकाशा थोडा चुकीचा काढावा आणि तिसऱ्याने त्यावरून पक्का वाडा बांधावा, असा हा प्रकार.

मॅडिसनचा विचार आम्हाला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सत्तेवर सज्जनच येतील असं तो धरूनच चालत नाही. एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने अडवावं, अशी त्याची रचना. म्हणून अध्यक्ष न्यायाधीश नेमतो, पण सिनेटची संमती लागते. तो कायदा नाकारतो, पण दोन्ही सभागृहं दोन तृतीयांश मतांनी तो नकार मोडू शकतात. तिजोरी तर काँग्रेसच्याच हाती. एका हुकमावर काम होऊ नये, यासाठीच हे सगळं रचलेलं आहे.

आणि थेट निवड? मूळ घटनेत लोकांनी थेट निवडायचं ते फक्त प्रतिनिधिगृह. सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत. ते १९१३ च्या दुरुस्तीने बदललं. अध्यक्ष आजही ५३८ निर्वाचकांच्या मतांवर ठरतो. २०१६ साली देशभरात जास्त मतं मिळवणारी उमेदवार हरली, ती यामुळेच.

‘आम्ही लोक’ अशी सुरुवात करणाऱ्या त्या घटनेत गुलाम माणसाची गणती पाचात तीन अशी होती, हेही विसरायला नको. ती गुलामी संपवायला यादवी युद्ध लागलं. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी हटवणाऱ्या सदाचारी लोकांना. अमेरिकेतलं नेमकं काय घ्यावं, याची इतकी चोख पारख त्या काळी दुसऱ्या कोणी केल्याचं आमच्या वाचनात नाही.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिका त्यांनी आतून पाहिली होती. तरी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अध्यक्षीय पद्धत नाकारली. त्यांचा मुद्दा असा: कार्यकारी सत्तेत स्थैर्य हवं आणि जबाबदारीही हवी. अमेरिकन पद्धत स्थैर्य जास्त देते. संसदीय पद्धतीत सरकारची परीक्षा निवडणुकीत होतेच, शिवाय प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव यांतून रोज होते. मसुद्याने जबाबदारीला वरचं स्थान दिलं.

तारीख ध्यानात घ्या. १७ सप्टेंबरला आपला मराठवाडा निजामी राजवटीतून सुटला, त्यानंतर दीड महिन्याने हे भाषण झालं. जाब न देणारं स्थैर्य काय असतं ते आपल्या वाडवडिलांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि योगायोग असा की ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणणारी घटना हैदराबाद संस्थानात लागू झाली ती २३ नोव्हेंबर १९४९ च्या निजामाच्या फर्मानाने!

तर अविश्वास दोन प्रकारचा. अमेरिकेने तो भिंतीत चिणला, आपण तो रोज विचारायचा ठरवला. थेट सरपंचात काय केलं? निवड अमेरिकेच्या वळणाची घेतली, निदान आपण समजतो त्या अमेरिकेच्या. सदस्यांनी अविश्वास ठराव केला तरी त्यावर ग्रामसभेची मोहोर लागते, म्हणजे सरपंच हटवणं अवघड. सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं, की सदस्यांच्या नकाराला आपण अडवणूक म्हणतो. मॅडिसन त्याला व्यवस्था म्हणाला असता. आमच्या मते त्यात थोडी अडवणूक असतेही. पण सदस्यांचा धाक कमी केला, तर रोजचा जाब विचारायला उरते फक्त ग्रामसभा. तिची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. आपापल्या गावातली मागची ग्रामसभा यातली कोणती होती, ते जरा आठवून पाहा.