जांबच्या कुलकर्ण्यांचा पुत्र आणि मूर्खांची लक्षणे

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी, ठोसर घराण्यातील सूर्याजीपंत आणि राणूबाई यांच्या पोटी, शके १५३० च्या चैत्रात, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, जो नारायण जन्मास आला, तो समर्थ रामदास या नावाने विख्यात झाला. मुलूख निजामशाहीचा, कारभार मलिक अंबराचा आणि घरी गावचे कुलकर्णपण. तेव्हा जमाबंदी, वसूल, बाकी, बलुते हे शब्द आणि त्यांपायी होणारे तंटेबखेडे त्या मुलाच्या परिचयाचे असणारच. त्याच्या 'दासबोध' या ग्रंथातील मूर्खलक्षणांचा समास, म्हणजे प्रकरण, वाचताना हा वारसा दृष्टिआड करू नये असे मला वाटते.

मूर्खलक्षणांसारखा उपहास कसा वाचावा, हे ठरविण्यासाठी आधी रोमकडे वळू. उपहासकाव्य ही सर्वस्वी आमची निर्मिती, असा अभिमान रोमन आचार्य क्विंटिलियन याने पहिल्या शतकात बोलून दाखविला. ल्युसिलियस, होरेस, पर्सियस आणि जुव्हेनाल या परंपरेतील शेवटच्याने रोममधील लाचखाऊ, धनलोभी आणि आश्रितांना तिष्ठत ठेवणारे श्रीमंत यांच्यावर १६ काव्ये रचली. ही काव्ये म्हणजे रोमचे यथातथ्य वर्णनच होय, असे समजणाऱ्या वाचकांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम अँडरसन प्रभृती पंडितांनी हटकले. क्रोधाने बोलणारा तो 'मी' हे कवीने घेतलेले सोंग आहे, त्याची साक्ष आहे तशी ग्राह्य धरता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. साक्षीदाराची जातकुळी, त्याचा हितसंबंध आणि त्याचे भय तपासूनच त्याची जबानी वाचावी, हा त्यांतील इत्यर्थ आपल्याही कामाचा आहे.

ही कसोटी मूर्खलक्षणांना लावून पाहावी. दोघे बोलत असता मध्ये जाऊन बसणारा आणि दोन्ही हातांनी डोके खाजविणारा, सासुरवाडीस मुक्काम ठोकणारा, वाचताना अक्षरे गाळणारा वा पदरची घालणारा, पोथीची निगा न राखणारा, स्वतः न वाचता आणि दुसऱ्यास वाचू न देता ती बांधून ठेवणारा, हे सारे मूर्ख. आणि हीन मानलेल्या कुळाची चाकरी करणारा, तोही मूर्खच. या शेवटच्या लक्षणात समाजाचे चित्र नाही, बोलणाऱ्या वर्गाची सरहद्द आहे; ती जशी आहे तशी नोंदविणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. उलट पोथीविषयीची लक्षणे लेखणीवर उदरनिर्वाह करणाऱ्या घरांतील जिव्हाळ्याची आहेत. म्हणूनच ग्रंथाच्या त्याच दशकाच्या, म्हणजे भागाच्या, अखेरीस पढतमूर्खाची गाठ पडते, समूळ ग्रंथ न पाहता दूषण ठेवणाऱ्याची. येथे समर्थांचा प्रहार आपल्याच वर्गावर होतो, आणि तो अधिक जोराचा आहे. जुव्हेनालने ज्यांची रक्षा राजमार्गाच्या कडेला पडली त्या मृतांवरच शस्त्र धरण्याचे ठरविले. समर्थांनी कोणाचेच नाव घेतले नाही, लक्षणे अपार आहेत, ती त्यागासाठी सांगितली, असे म्हणून श्रोत्यांची क्षमा मागितली.

तिसऱ्या दशकात मात्र लक्षणांची यादी संपून एका संसारी मनुष्याचा वृत्तांत सुरू होतो. लग्नाला उभे राहूनही संसार न केलेल्या समर्थांनी गृहस्थाची फजिती इतक्या बारकाव्याने लिहावी, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. कर्ज आणि लेकरे यांच्या भाराने तो परदेशी जातो, चार पैसे मिळवून परततो, तो देशात अवर्षण पडलेले असते; घरी गाल बसलेली, अंग सुजलेली मुले, कोणी मेलेलीही. बाप आला असे कळताच ती गाठोडे सोडतात आणि हाती पडेल ते खाऊ लागतात. काही घास तोंडात, काही हातात असतानाच प्राण जातात. इ. स. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये पडलेला महादुष्काळ ज्या पिढीने सोसला, त्या पिढीचा हा कवी आहे, आणि येथे त्याच्या वाणीतील उपहास थिजतो. पण पुढे तोच गृहस्थ पुन्हा लग्न करतो, पुन्हा त्याच गुंत्यात पडतो, आणि समर्थ पुन्हा त्याला निर्दयपणे हिणवू लागतात.