पीएच.डी. नसलेला दुभाषी

१९४७च्या सप्टेंबरात २३ वर्षांचे इंग्रज गणिती फ्रीमन डायसन हान्स बेथे यांच्या हाताखाली शिकण्यासाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. क्वांटम फील्ड थिअरी, म्हणजेच पुंज क्षेत्र सिद्धांत, त्यांनी केंब्रिजमध्ये निकोलस केमर यांच्याकडून शिकून घेतला होता. आधाराला ग्रेगोर वेन्टझेल यांचे एक जर्मन पुस्तक होते; १९४३ साली, ऐन महायुद्धात, व्हिएन्नात छापलेले. त्या काळी हे शास्त्र जाणकारासमोर जाऊन बसल्याखेरीज फारसे हाती लागत नसे.

शास्त्रही अडलेलेच होते. इलेक्ट्रॉन स्वतःच्याच विद्युतचुंबकीय क्षेत्राशी कसा वागतो, याचे गणित काटेकोरपणे करू जावे तर उत्तर अनंत येई. या गुंत्यातून बाहेर पडण्याच्या तीन वाटा १९४८पर्यंत निघाल्या होत्या. जपानमध्ये तोमोनागा यांनी युद्धकाळातच स्वतंत्रपणे काम सुरू केले होते. हार्वर्डच्या ज्युलियन श्विंगर यांची मांडणी समीकरणांनी गच्च भरलेली. कॉर्नेलचे रिचर्ड फाइनमन मात्र चक्क चित्रे काढत! त्या वसंतात पोकोनो येथील परिषदेत ती चित्रे खुद्द नील्स बोर यांनाही पटली नाहीत.

डायसन यांनी १९४८चा उन्हाळा या दोन अमेरिकी पद्धती त्यांच्या कर्त्यांकडूनच शिकण्यात घालवला. आधी फाइनमन यांच्यासोबत क्लीव्हलंड ते आल्बुकर्की असा मोटारप्रवास, वाटभर चर्चा. मग ॲन आर्बर येथे श्विंगर यांची व्याख्याने. त्यानंतर कॅलिफोर्नियात थोडी विश्रांती. परतताना नेब्रास्काच्या सपाट मुलखातून रात्रीची बस धावत असता त्यांना उमगले, की समीकरणे आणि चित्रे एकाच सिद्धांताची दोन रूपे आहेत.

प्रिन्स्टनला पोहोचल्यावर गाठ पडली ती ओपेनहायमर यांच्याशी. ते डायसन यांच्या व्याख्यानांत वारंवार आडवे येत. अखेर बेथे यांना मध्यस्थीला यावे लागले. नंतर डायसन यांच्या टपालात ओपेनहायमर यांची दोन लॅटिन शब्दांची चिठ्ठी आली: ‘नोलो कोन्तेन्देरे’, म्हणजे ‘मी वाद घालत नाही’.

डायसन यांचा निबंध फेब्रुवारी १९४९मध्ये छापला गेला. या चित्रांविषयीचे फाइनमन यांचे स्वतःचे निबंध त्यानंतर कित्येक महिन्यांनी आले. त्यामुळे ‘फाइनमन आकृत्या’ अनेकांनी प्रथम डायसन यांच्याकडूनच शिकल्या. प्रिन्स्टनच्या संस्थेत त्यांच्याभोवती जमलेले तरुण संशोधक पुढे जिथे जिथे शिकवायला गेले, तिथे तिथे या आकृत्याही पोहोचल्या. १९५१मध्ये डायसन यांनी कॉर्नेलला दिलेल्या व्याख्यानांच्या टंकलिखित टिपणांच्या प्रती विद्यार्थ्यांत हातोहात फिरत राहिल्या. त्यांचे रीतसर पुस्तक निघायला २००७ साल उजाडले.

१९६५चे नोबेल तोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन या तिघांना विभागून मिळाले. त्याबद्दल आजही हळहळ व्यक्त होते, आणि ती अगदीच अस्थानी नाही. डायसन यांनी पीएच.डी. मात्र कधीच पूर्ण केली नाही. १९५१ साली कॉर्नेलने त्यांना त्या पदवीविनाच प्राध्यापक नेमले होते.